रिग्ली फील्डवर लाखनीचे गुरुजी

विदर्भातून अमेरिकेतल्या मुलांकडे जाणारे आईवडील बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतात. भंडाऱ्यात पारा चढायला लागला की नागपूरच्या विमानतळावर लोणच्याच्या बरण्या आणि कुरडया-पापडांनी फुगलेल्या बॅगा दिसू लागतात. तिकडे गेल्यावर पाहायच्या ठिकाणांची यादीही ठरलेली असते. नायगारा, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, वॉशिंग्टनची संग्रहालयं. आणि शिकागोत मुक्काम असेल तर स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी जिथे भाषण केलं ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत. बेसबॉलचा सामना या यादीत क्वचितच असतो. तो असायलाच हवा.

एक तर वेळ जुळते. अमेरिकेतली व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा, मेजर लीग, मार्चअखेरीला सुरू होते आणि तिची साखळी सप्टेंबरअखेरपर्यंत चालते. आपल्या पाहुण्यांचा मुक्काम नेमका याच महिन्यांत असतो. ३० संघ आहेत, त्यांतले २९ अमेरिकेचे आणि एक कॅनडातल्या टोरांटोचा. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि त्यांतले ८१ स्वतःच्या मैदानावर. मोठ्या शहरात महिनाभर राहणाऱ्याला सामना चुकवायचा म्हटलं तरी चुकवणं कठीण.

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीचे एक गणिताचे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी असेच जूनमध्ये शिकागोजवळच्या नेपरव्हिलला लेकीकडे होते. गावात त्यांना सगळे गुरुजी आणि काकू म्हणतात, इथेही तेच म्हणू. नागपूर-दोहा-शिकागो असा प्रवास त्यांनी केला होता. शिकागोच्या पश्चिमेकडची नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग ही उपनगरं मराठी घरांना नवी नाहीत. महाराष्ट्र मंडळ शिकागो १९६९ पासून चालू आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये याच शहरात उभं राहिलं. पहिले काही आठवडे या दोघांचा वेळ मंडळाचा कार्यक्रम, देवळं आणि डेव्हन अव्हेन्यूवरची किराणा दुकानं यांत गेला. मग एका संध्याकाळी जावयांनी दूरदर्शन संचावर बेसबॉल लावला. गुरुजींनी दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “हे तं नुसते उभेच आहेत. खेळून काहून नाही राहिले?”

लेकीने त्याच रात्री शिकागो कब्सच्या दुपारच्या सामन्याची तिकिटं काढली. तिचं म्हणणं होतं, “बाबा, हा खेळ टीव्हीवर कळत नाही. मैदानात बसावं लागतं.” तिचं बरोबर होतं. पडद्यावर चेंडू टाकणारा पिचर, तो झेलणारा कॅचर आणि मारणारा बॅटर एवढेच दिसतात. बाकीचे सात जण प्रत्येक चेंडूआधी कुठे सरकतात, बेसवरचा धावणारा किती पावलं पुढे चोरतो, ते मैदानातच दिसतं.

नेपरव्हिलहून मेट्रा गाडीने युनियन स्टेशन, तिथून थोडं चालत जाऊन रेड लाइन, आणि उत्तरेकडे ॲडिसन स्थानक. रेड लाइनच्या डब्यात शिरल्याबरोबर निळे सदरे दिसायला लागतात. पाठीवर खेळाडूंची नावं. त्यांत सेइया सुझुकी आणि शोटा इमानागा ही जपानी नावंही बरीच. ॲडिसनला गाडी रिकामी होते. जिना उतरून काही पावलं चाललं की कोपऱ्यावर मैदानाची लाल पाटी दिसते. रिग्ली फील्ड गावाबाहेर मोकळ्या जागेत नाही, वस्तीच्या पोटात आहे. आजूबाजूला तीनमजली घरं, रस्त्यापलीकडच्या घरांच्या गच्च्यांवरही बाकांच्या रांगा. त्या गच्च्यांवरून सामना पाहायलाही तिकीट लागतं.

हे मैदान १९१४ चं. कब्स इथे १९१६ पासून खेळतात. चघळायच्या गमाचे कारखानदार विल्यम रिग्ली यांच्याकडे संघाची मालकी आली आणि त्यांचं नाव मैदानाला लागलं. मेजर लीगमध्ये याहून जुनं मैदान एकच, बोस्टनचं फेनवे पार्क, १९१२ चं. रिग्लीवर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते. सगळे सामने उन्हात व्हायचे. ८ ऑगस्टला पहिल्यांदा दिवे लागले आणि पावसाने तो सामना धुऊन नेला, म्हणून नोंद दुसऱ्या दिवसाच्या सामन्याची झाली. आजही इथे दुपारचे सामने इतर मैदानांपेक्षा जास्त असतात आणि म्हाताऱ्या पाहुण्यांना तेच सोयीचे. तिकीट काढताना एक पाहून घ्यावं. जुन्या बांधणीमुळे काही खुर्च्यांसमोर लोखंडी खांब येतो. तशा जागेची सूचना तिकिटावर असते आणि किंमतही कमी असते.

आत गेल्यावर काकूंना आधी भिंत दिसली. मैदानाच्या टोकाची विटांची भिंत वेलींनी झाकलेली आहे. १९३७ मध्ये लावलेल्या या वेली एप्रिलमध्ये तपकिरी काटक्यांसारख्या दिसतात आणि जूनपर्यंत हिरव्यागार होतात. चेंडू त्या पानांत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. वेलींच्या वर त्याच साली उभारलेला भला मोठा हिरवा धावफलक आहे. त्यावरचे आकडे माणसं आत बसून हाताने बदलतात. बाजूला पडदे आले, पण हा फलक तसाच ठेवला आहे. गुरुजींनी त्याच्या एका खिडकीतून बाहेर आलेला हात आणि फिरलेली पाटी पाहिली, आणि मग कितीतरी वेळ मैदान सोडून तिकडेच पाहत राहिले.

आता खेळ. क्रिकेट पाहून वाढलेल्या माणसाला बेसबॉल समजायला एकच गोष्ट आधी पक्की करावी लागते: इथे मैदान गोल नाही, कोनाचं आहे. बॅटर जिथे उभा असतो त्या होम प्लेटपासून काटकोनात दोन पांढऱ्या रेषा निघतात. मारलेला चेंडू त्या दोन रेषांच्या आत पडला तरच खेळ पुढे सरकतो. मागे गेला, बाजूला गेला तर फाउल. लेट कट, ग्लान्स, मागच्या बाजूचा चौकार यांना इथे जागाच नाही. सुरुवातीच्या काही चेंडूंत बॅटची कड घेऊन चेंडू मागे जाळीवर गेला की काकू टाळी वाजवायच्या. मग लेकीने रेषा दाखवल्या.

दुसरी गोष्ट चेंडूची. तो टप्पा न घेता येतो. पिचरचा उंचवटा होम प्लेटपासून ६० फूट ६ इंच, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास. क्रिकेटची खेळपट्टी याहून थोडी लांब. धाव न घेता, एका जागेवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने चेंडू येतो आणि बॅटरला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो. बॅट गोल, चेंडू गोल. चेंडू गुडघा आणि छाती यांच्यामधल्या ठरावीक चौकटीतून गेला आणि बॅटरने सोडला, किंवा चेंडू कुठेही असो, बॅट फिरवून तो चुकला, तर स्ट्राइक. चौकटीबाहेर गेला आणि त्याने सोडला तर त्याला बॉल म्हणतात. तीन स्ट्राइकला बाद, चार बॉल झाले तर बॅटर चालत पहिल्या बेसवर. फाउलही पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत स्ट्राइकच धरतात. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक इनिंग, आणि अशा नऊ. बेस चार, त्यांच्यात प्रत्येकी ९० फुटांचं अंतर, आणि चारही फिरून घरी परत आलं की एक धाव.

एवढं कळलं की प्रत्येक चेंडूआधीचा तो “उभे राहण्याचा” वेळ रिकामा उरत नाही. दोन स्ट्राइक आणि एकही बॉल नाही, अशा वेळी पिचर चौकटीच्या जरा बाहेर चेंडू टाकून बॅटरला फसवू पाहतो. तीन बॉल झाले आणि स्ट्राइक नाही, तर त्याला चौकटीतच टाकावं लागतं, आणि बॅटर त्याचीच वाट पाहत असतो. गणित शिकवलेल्या माणसाला ही आकडेमोड आवडली नसती तरच नवल. तिसऱ्या इनिंगपासून गुरुजी पुढचा चेंडू कसा येईल ते आधीच सांगायला लागले आणि त्यांचे बरेच अंदाज बरोबर आले.

त्यांना आणखी गोडी लागली ती धावपत्रकाची. प्रवेशद्वाराशी स्कोअरकार्ड आणि छोटी पेन्सिल विकत मिळते. प्रत्येक खेळाडूच्या जागेला एक क्रमांक आहे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागचे तिघे ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपने अडवून दुसऱ्या बेसला दिला आणि तिथून पहिल्याला गेला, दोघे बाद झाले, तर कागदावर फक्त ६-४-३ लिहायचं. तीन स्ट्राइकवर बाद झालेल्यासाठी ‘के’ हे अक्षर, आणि बॅट न हलवताच बाद झाला असेल तर तेच अक्षर उलटं. ही पद्धत रुजवणारे हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेले, न्यूयॉर्कला येऊन आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारे पत्रकार. १८६९ मध्ये सिनसिनाटीत पहिला उघडपणे पगारी संघ बांधणारे हॅरी राइटही मूळचे शेफील्डचे, आणि क्रिकेटपटू. दोन्ही खेळांचं नातं दूरचं नाही. म्हणूनच क्रिकेट पाहणाऱ्या घरातल्या माणसाला बेसबॉल एका दुपारीत हाती लागतो.

बेसबॉल संथ आहे ही तक्रार अमेरिकेतही होती. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावलं. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. कोणी बेसवर असेल तर थोडा जास्त वेळ, आता १८ सेकंद. पहिल्याच हंगामात नऊ इनिंगच्या सामन्याचा सरासरी वेळ चोवीसेक मिनिटांनी घटून २ तास ४० मिनिटांवर आला. तरीही खेळातला बराच वेळ वाट पाहण्यातच जातो आणि भंडाऱ्याच्या माणसाला ते नवं नाही. शंकरपटात बैलजोडी दानीवरून सुटते ती काही सेकंदांसाठी. बाकी दिवसभर माणसं बैलाच्या खुरांची, धुरकऱ्याच्या हाताची आणि मागच्या वर्षीच्या वेळेची चर्चा करत उन्हात उभी असतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळातही गावोगाव जुन्या जोड्यांची नावं निघतच होती. रिग्लीवर शेजारच्या खुर्चीवरचे एक वृद्ध गृहस्थ गुरुजींना कब्सच्या जुन्या खेळाडूंची नावं तशीच सांगत होते. भाषा अर्धीच कळत होती, पण गुरुजी मान डोलावत होते आणि पेन्सिलीने आकडे लिहून विचारत होते.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात १९०८ हा आकडा पुन्हा पुन्हा यायचा. त्या वर्षी कब्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली आणि त्यानंतर २०१६ पर्यंत एकदाही नाही. १०८ वर्षं. मधल्या काळात आजोबा, मुलगे, नातवंडं हरणाऱ्या संघाचीच तिकिटं काढत राहिली. २ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री क्लीव्हलंडविरुद्ध सातव्या आणि शेवटच्या सामन्यात नऊ इनिंग बरोबरीत संपल्या, पाऊस आला, सतरा मिनिटं खेळ थांबला आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्स जिंकले. जपमाळेचा हा आकडा बेसबॉलच्या चेंडूवरही आहे: त्याच्या लाल दोऱ्याच्या दुहेरी टाक्यांची संख्या १०८.

चेंडूविषयी थोडं अधिक सांगायला हवं, कारण हा भाग आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. क्रिकेटमध्ये चेंडू जुना होण्यातच खेळ आहे. इथे चेंडू मातीत घासला, डागाळला की अंपायर तो बदलतो. एका सामन्यात डझनावारी चेंडू लागतात. नवा चेंडू मात्र चकचकीत आणि निसरडा असतो, म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला चिखल चोळतात. हा चिखल न्यूजर्सीच्या बाजूला डेलावेअर नदीच्या एका उपनदीतून काढला जातो. तिथली नेमकी जागा एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या गुपित ठेवली आहे. १९३० च्या दशकात लीना ब्लॅकबर्न या प्रशिक्षकाने तो शोधला आणि आजही तोच वापरतात. कारखान्यात बनवलेले पर्याय तपासले गेले, पण नदीचा गाळ हटला नाही. वैनगंगेच्या काठच्या माणसाला यात नवल वाटणार नाही; कुठली माती कशाला चांगली हे त्याला शिकवावं लागत नाही.

आणि प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नसतो. फाउल गेलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. ही मोकळीक सुरुवातीपासून नव्हती. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर रूबेन बर्मन या प्रेक्षकाने चेंडू परत न देता गर्दीत पुढे टाकला, त्याला बाहेर काढलं गेलं. तो न्यायालयात गेला आणि त्याला शंभर डॉलर भरपाई मिळाली. रिग्लीवर मात्र यालाही एक अपवाद आहे. पाहुण्या संघाने षटकारासारखा होम रन मारला आणि चेंडू मागच्या बाकांवर आला, तर तो पकडणाऱ्याने मैदानात परत फेकायचा. ठेवून घेतला तर आजूबाजूचे लोक ओरडून फेकायला लावतात. त्या दुपारी एका पोराने असा चेंडू फेकला आणि त्याच्या फेकण्याला होम रनपेक्षा मोठी दाद मिळाली.

आता सगळ्या मैदानांवर होम प्लेटच्या बाजूंना लांबवर जाळी आहे. जाळीच्या पलीकडे बसलेल्यांनी मात्र प्रत्येक चेंडूवर नजर ठेवावी. मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची ती जागा नव्हे.

खाण्याचं काय, हा काकूंचा पहिला प्रश्न होता. शिकागोचं प्रसिद्ध हॉट डॉग बहुतेक ठिकाणी गोमांसाचं असतं, हे आपल्या लोकांना आधी सांगितलेलं बरं. शेंगदाणे, पॉपकॉर्न, प्रेट्झल, नाचोज, बटाट्याचे तळलेले काप हे सगळीकडे मिळतं आणि शाकाहारी माणसाचं पोट भरतं. किमती मात्र बाहेरच्यापेक्षा बऱ्याच जास्त. काही मैदानांवर घरचं खाणं नेता येतं, काहींवर नाही. पिशवीच्या मापालाही मर्यादा असते. संघाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहून घ्यावं. शेंगांची टरफलं सगळे पायाखालीच टाकतात, त्यामुळे शेवटच्या इनिंगपर्यंत खुर्च्यांखाली त्यांचा थर साचलेला असतो.

भंडाऱ्याच्या वाचकासाठी या खेळाच्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पान वेगळं आहे. मेजर लीगच्या प्रत्येक संघाने ४२ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला आहे. तो जॅकी रॉबिन्सन यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काळ्या खेळाडूंना या लीगमध्ये प्रवेश नव्हता. लेखी नियम नव्हता, पण कोणताही मालक त्यांना घेत नव्हता. त्यांनी स्वतःचे संघ आणि स्वतःची लीग उभी केली. १९२० मध्ये निग्रो नॅशनल लीगची स्थापना करणारे रूब फॉस्टर याच शिकागोत संघ चालवत. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि ती भिंत पडली. त्या वर्षी त्यांना शिव्या, धमक्या, मुद्दाम अंगावर टाकलेले चेंडू, सगळं सोसावं लागलं. १९९७ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्यांचा क्रमांक सर्व संघांनी बाजूला ठेवला. आता दर १५ एप्रिलला सगळे खेळाडू, सगळे प्रशिक्षक, अगदी पंचही पाठीवर ४२ घालतात. त्या एका दिवशी कोण कोण आहे हे क्रमांकावरून ओळखता येत नाही.

१५ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंतीचा दुसरा दिवस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठापासून तीनेक किलोमीटर उत्तरेला पोलो ग्राउंड्स होतं; जायंट्स आणि यांकीज हे दोन्ही संघ तेव्हा तिथे खेळत आणि दोन्हींत एकही काळा खेळाडू नव्हता. जवळच हार्लेमची काळी वस्ती वाढत होती. याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ती ते हरले. त्या निवडणुकीच्या आठवणी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आजही सांगितल्या जातात.

रॉबिन्सनच्या कितीतरी आधी आपल्याकडे पालवणकर बाळू होते. चांभार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची कामं करत मोठा झाला. हिंदू संघात त्यांना घेतलं गेलं तेही विकेट मिळवून देतात म्हणून. चहाच्या वेळी त्यांचा कप वेगळा, तोही तंबूबाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. रॉबिन्सनचा क्रमांक प्रत्येक अमेरिकी मैदानावर दिसतो. बाळूंच्या नावाचा असा एखादा दिवस आपल्या क्रिकेटने अजून ठरवलेला नाही, आणि ते ठरवायला हवं.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान उठून उभं राहतं. पाय मोकळे करायचे आणि एकत्र गायचं. १९०८ चं ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ हे गाणं जॅक नॉरवर्थ यांनी लिहिलं, तेव्हा त्यांनी मोठा सामना प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता. रिग्लीवर हॅरी कॅरे हे समालोचक खिडकीतून बाहेर वाकून लोकांकडून ते गाऊन घेत. १९९८ मध्ये ते गेल्यावर दर सामन्याला कोणी पाहुणा त्याच खिडकीतून गातो. शब्द माहीत नसले तरी अडत नाही. काकूंनी शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून ताल धरला होता. सामना कब्स जिंकले. मग फलकावर पांढरा झेंडा चढला, त्यावर विजयाचं निळं अक्षर. हरले असते तर झेंड्याचे रंग उलटे झाले असते. संघाचा झेंडा पाहूनच रेड लाइनमधून जाणाऱ्याला निकाल कळतो.

परतीच्या गाडीत गुरुजींनी विचारलं, इथे क्रिकेट कुठे खेळतात? उत्तर मोठं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांनी निवृत्त खेळाडूंचे दोन संघ घेऊन न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस इथे तीन सामने खेळवले. तिन्ही बेसबॉलच्या मैदानांवर. न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर १ नोव्हेंबरला वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना झाला आणि ७ तारखेला त्याच जागी, बाहेरून आणून बसवलेल्या खेळपट्टीवर सचिन फलंदाजीला उतरला. तिन्ही सामने वॉर्नचा संघ जिंकला, पण मराठी घरांतून लोक तासन्‌तास गाड्या हाकत आले होते ते कुणासाठी, हे सांगायला नको.

नऊ वर्षांनी त्याहून मोठी गोष्ट घडली. डॅलसजवळचं ग्रँड प्रेअरीचं मैदान छोट्या लीगच्या बेसबॉल संघासाठी बांधलेलं होतं; ते बदलून क्रिकेटचं केलं. ६ जून २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेने तिथे पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली सौरभ नेत्रवळकर याने, मुंबईकडून रणजी खेळलेला, भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला, कॉर्नेलला शिकायला गेलेला आणि ओरॅकलमध्ये नोकरी करणारा अभियंता. अमेरिकेच्या १८ धावांपुढे पाकिस्तानला १३ च काढता आल्या. बेसबॉलसाठी उभारलेल्या बाकांवरून त्या दिवशी मराठीत ओरडणारे बरेच होते.

पुढच्या उन्हाळ्यात जे जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडं. शिकागो, बोस्टन, न्यूयॉर्क इथे एप्रिलचे सामने कडाक्याच्या वाऱ्यात होतात, कानटोपी लागते. पहिल्यांदा जायचं तर मेअखेरपासून ऑगस्टपर्यंतचा काळ धरावा. मंगळवार-बुधवारचं तिकीट शनिवार-रविवारपेक्षा सहसा स्वस्त असतं. शिकागोत दुसरा संघही आहे, दक्षिणेकडचा व्हाइट सॉक्स. त्याचं मैदानही रेड लाइनवरच आहे आणि तिथली तिकिटं बहुधा कब्सपेक्षा कमी दरात मिळतात. रिग्लीवर दुपारी सावली हवी असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूची, छताखालची खुर्ची घ्यावी. स्कोअरकार्ड विकत घ्यावं आणि पेन्सिल हातातून सोडू नये. शेजारी जो कुणी म्हातारा एकटा बसला असेल त्याला प्रश्न विचारावेत. या खेळावर बोलायला तो कंटाळत नाही. हंगामाचं पूर्ण वेळापत्रक आदल्या वर्षीच जाहीर होतं, म्हणून मुलांना सांगा, विमानाची तारीख ठरवताना बेसबॉलचीही एक दुपार तेव्हाच ठरवून टाका.